नितेशच्या कॉम्प्युटरला नेट लागत नाही

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

ही डायरी मानसीला ऑफिसात फुकट मिळाली. तिने ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "बाबा, दिवसभर आईंशी भांडण्यापेक्षा यात लिहा." सून सासऱ्याला असं बोलते आणि सासरा मुकाट ऐकून घेतो, असं आमचं घर. लिहायला बसलोय. किती दिवस टिकेल ते देव जाणे.

आजची तक्रार इंटरनेटची. घाटकोपरची आमची बिल्डिंग पाडायला घेतली, म्हणून मागच्या महिन्यात आम्ही इथे मुलुंडला भाड्याच्या घरात आलो. काल नेटवाला येऊन भिंतीवर डबा ठोकून गेला. टीव्हीला नेट लागलं, सगळ्यांच्या मोबाईलना लागलं, नितेशच्या कॉम्प्युटरला तेवढं लागलं नाही. नेटवाल्याने पडद्याकडे बघितलं, "अंकल, ये तो लिनक्स है" म्हणाला आणि चहासुद्धा न घेता पळाला. जसा काही कॉम्प्युटरला देवी आल्यात.

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी असतं ते. फुकट मिळतं, पण सगळं आपलं आपण लावून घ्यायचं. नितेशला ती हौस होती. मी टेलिफोन खात्यात केबलचे जोड करण्यात उभा जन्म घातला, त्यामुळे ही हाताची खाज पोरात माझ्याकडूनच आली होती.

"होती" लिहिताना पेन अडतं. नितेशला जाऊन दीड वर्ष झालं. तेहतिशीचा पोरगा ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आज एवढंच पुरे.

गुरुवार, ९ जानेवारी

मानसीने जेवताना सांगितलं. तिच्या कंपनीचं ऐरोलीचं ऑफिस बंद होतंय. पुण्याच्या ऑफिसात जा, नाहीतर घरून काम करा. घरून करायचं तर कॉम्प्युटर स्वतःचा आणि नेट वायरने जोडलेलं हवं. काय ते मार्चअखेरपर्यंत कळवायचं.

मी लगेच म्हटलं, "मग घरूनच कर. नितेशचा कॉम्प्युटर आहे की."

"त्याला नेट कुठे लागतंय बाबा?"

"लागेल. न लागून जातंय कुठे?"

ती आमटी वाढायला उठली. माझ्या बायकोने, वनमालाने, माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी गुन्हाच केलाय. बायकांचं काही कळत नाही.

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय! मला भीती वाटते. मानसीच्या माहेरी भाऊ-भावजय आहेत, त्यांना ती जड आहे. पुण्याला गेली की ती गेलीच. मग या घरात आम्ही दोन म्हातारी माणसं आणि भिंतीवरचा फोटो. नितेश कसा शिंकायचा, कुठल्या भाजीला नाक मुरडायचा, हे आठवून बोलणारं तिच्याशिवाय दुसरं कोण आहे? वनमाला त्याचं नाव काढलं की उठून जाते. ही पोरगी घरात आहे तोवर माझा मुलगा अर्धा तरी घरात आहे. ते नेट लागलंच पाहिजे.

रविवार, १२ जानेवारी

आमच्या खात्याचा पहिला नियम: दोष जोडात असतो. आज वायरची दोन्ही टोकं कापून नवे प्लग बसवले. वायर डब्यात घातली की कॉम्प्युटरच्या मागे हिरवा दिवा लुकलुकतो, म्हणजे लाइन जिवंत आहे. तरी पडद्याच्या कोपऱ्यातल्या नेटच्या चित्रावर प्रश्नचिन्ह ते प्रश्नचिन्ह.

मग बाजारातून सगळी वायरच नवी आणली. प्रश्नचिन्ह कायम. वनमाला तिच्या मालवणीत म्हणाली, "आता भिंतय नवीन हाडा."

रविवार, १९ जानेवारी

नितेशच्या ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारा कृणाल आज आला. मानसीनेच फोन केला होता. हा मनोरीचा, कोळी. आई अजून मासे विकते, बापाची होडी आहे. नितेशच्या दिवसांना रोज येत होता, पण तेव्हा कोण येतंय नि कोण जातंय ते मला दिसत नव्हतं. उंच आहे, बोलतो कमी.

तास-दीड तास कॉम्प्युटरसमोर बसला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मध्येच आतून मानसीचा हसण्याचा आवाज आला. मला पेपरातली ओळ परत वाचावी लागली. किती महिन्यांनी ऐकला असेल तो आवाज. कशाला हसली, ते विचारायचं राहून गेलं.

नेट लागलं नाही. "काका, जरा किचकट आहे. पुढच्या रविवारी बघतो," म्हणाला. मी म्हटलं, "ये बाबा, तुझंच घर आहे."

रविवार, २ फेब्रुवारी

कृणाल आला, येताना पापलेटं घेऊन. पहाटेची होती, डोळे चकचकीत. वनमालाने तिरफळं घालून कालवण केलं आणि मी दोन वेळा भात घेतला.

नेट नाही लागलं. पण पोराची चिकाटी बघा! मनोरीहून बोटीने मार्वे, तिथून मालाड, तिथून बस बदलत बदलत मुलुंड. आठवड्यातून एक सुट्टी, तीही आमच्या वायरीपायी घालवतो. आजकाल कोण करतं एवढं? नितेशने माणसं चांगली जोडली होती.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मानसीला म्हटलं, एवढा त्रास आहे तर नवा कॉम्प्युटर घेऊ. म्हणाली, "नको बाबा. कृणाल करतोय ना." बरं वाटलं. नितेशची वस्तू तिला टाकवत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज बोंबील. नेट नाही.

एक गंमत लिहून ठेवतो. कृणाल येऊन बसला की वनमालाला नेमकी कोथिंबीर लागते. मागच्या रविवारी कोथिंबीर, त्याच्या आदल्या रविवारीही कोथिंबीर. स्वतः देवळात जायला निघते आणि मला पिशवी देऊन बाजारात पिटाळते. आज मी म्हटलं, "अगं, फ्रिजमध्ये जुडी आहे." तर म्हणाली, "ती शिळी." हातात घेऊन बघितली, चांगली हिरवीगार होती. म्हातारपणी बाई विसरभोळी व्हायला लागली. डॉक्टरला दाखवायला हवं.

मानसीने आज पिवळा ड्रेस घातला होता. घरात कशाला एवढा चांगला ड्रेस, म्हणून मी विचारलं. "बाकीचे धुवायला टाकलेत," म्हणाली. पोरगी कामाने पिचते.

रविवार, ९ मार्च

नाही लागलं. मार्च उजाडला तरी याचं "जरा किचकट आहे" संपत नाही. आज मी थोडा चिडलो. म्हटलं, "अरे, तू इंजिनियर ना? का उंटावरचा शहाणा?" तो मान खाली घालून हसला. मानसीचा चेहरा उतरला. मग मलाच वाईट वाटलं. पोरगा फुकट राबतोय आणि मी त्याला बोल लावतोय.

पण मार्चअखेर डोक्यावर आली आहे. आता हे आपणच बघायचं.

मंगळवार, १८ मार्च

लागलं! नितेशच्या कॉम्प्युटरला नेट लागलं. मी लावलं.

कसं ते नीट लिहितो. सकाळी मानसी ऑफिसला गेल्यावर नेटवाल्यांच्या चौकशीला फोन केला. एक मुलगी बोलली. म्हणाली, डब्याच्या खालच्या चिकटपट्टीवर त्याचा पत्ता असतो, तो बघा, आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये काय पत्ता घातलाय तो बघा. डबा उलटा केला. १९२.१६८.१.१. मग कॉम्प्युटरमध्ये नेटवर्क उघडलं, तिथे छोटं चाक असतं त्यावर दाबलं. आत "मॅन्युअल" आणि खाली १९२.१६८.०.१.

एका आकड्याचा फरक. मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! वायरीत काही नव्हतं, जोडात काही नव्हतं. नितेशने आपल्या हाताने घाटकोपरच्या डब्याचा पत्ता घालून ठेवला होता आणि कॉम्प्युटर तोच डबा शोधत होता. तो डबा तर आम्ही घर सोडताना परत दिला. "मॅन्युअल" काढून "ऑटोमॅटिक" केलं, बटण बंद करून चालू केलं आणि प्रश्नचिन्ह गेलं. चहा गार व्हायच्या आत सगळं आटोपलं.

नितेशचे आकडे पुसले गेले, ते जरा लागलं. पण आनंद मोठा होता. ओरडलो, "वनमाला, लागला गो!"

ती ओले हात पुसत आली. पडदा बघितला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "कोणाक सांगलास नाय मां?"

"नाय. कित्याक?"

"सांगा नकास."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे काम चहा गार व्हायच्या आत होणारं. कृणालचा हा रोजचा धंदा. त्याला हे दिसलं नाही? आमच्या खात्यात असे लाइनमन होते. ज्या घरी चहाबरोबर पोहे मिळत, तिथला फॉल्ट ते पुरता काढत नसत. चार दिवसांनी परत जायला निमित्त राहावं म्हणून.

मी खाली बसलो. वनमाला म्हणाली, "तुमका खराच कळला नाय? मनोरीसून मुलुंडाक दर रविवारी कोण येता, वायर बघूक?"

"आणि तू कोथिंबीर आणायला पाठवायचीस."

"होय, पाठवी होतंय."

"तू आई ना गं नितेशची?"

"म्हणानच सांगतंय," ती म्हणाली. "आपलो झील गेलो. त्या चेडवाक कित्याक मारतास? तिका काय आयुष्यभर हयच बसवन ठेवतलास?" आणि तोंडाला पदर लावून आत गेली. दीड वर्षात आज पहिल्यांदा तिने स्वतःहून त्याचा विषय काढला, तोही असा.

बुधवार, १९ मार्च

डोकं ठिकाणावर नाही. माझ्या घरात येऊन, माझ्या मुलाच्या खुर्चीवर बसून, माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरचं निमित्त करून! आणि मी त्याला "तुझंच घर आहे" म्हणत होतो. पापलेटं खात होतो. ज्याच्या डब्यातला घास नितेश खायचा, त्याने असं करावं?

येत्या रविवारी येऊ दे. कॉम्प्युटर चालू करून दाखवतो, हात जोडतो आणि म्हणतो, उपकार झाले, आता त्रास घेऊ नका. मग मानसीला घरून काम करायला काही अडचण उरणार नाही. नितेशच्या टेबलावर बसेल, दुपारी आमच्याबरोबर जेवेल. विषय संपला.

तोवर नेट लागलंय हे मी कुणाला सांगणार नाही. रविवारीच सांगेन.

शुक्रवार, २१ मार्च

रात्री जेवताना मानसी पोळी कुस्करत बसली होती. मग म्हणाली, "बाबा, मी पुण्याला जाते. सोमवारी ऑफिसात कळवते."

माझ्या जिभेवर आलं होतं, अगं, नेट लागलंय. पण मी म्हटलं, "लागेल गं नेट. कृणाल बघतोय ना."

"नेटचं नाही बाबा. आणि कृणालला मी सांगितलंय, या रविवारी येऊ नकोस."

"का?"

"उगाच त्याचे रविवार जातात." ताटातून मान वर केली नाही. "विमाननगरला एक हॉस्टेल बघितलंय. खोलीत दोघी असतात. जेवणाची सोय आहे."

"पुण्यात तुझं कोण आहे मानसी?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "तेच बरं आहे."

वनमाला उठून गॅलरीत गेली. मी आमटी भुरकत राहिलो, चव कशाची ते कळलं नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते. तिने त्याला नाही म्हटलंय. आमच्यासाठी म्हटलंय. पण त्याला नाही म्हणून तिला आमच्यासमोर राहवतही नाही, म्हणून ती आम्हालाही सोडून चालली आहे. मी तिला नितेशची बायको म्हणून ठेवायला बघत होतो. ती कुणाचीच न होता एका परक्या खोलीत जाऊन पडणार. आणि मी रविवारी नेट दाखवून जिंकणार होतो. कोणाला हरवणार होतो मी?

वाईट याचं वाटतं की मला तिचा रागही आला. एवढी शहाणी पोरगी, मला एकदा सांगता आलं नाही तिला? मग वाटलं, काय सांगणार? मी पेपरात तोंड खुपसून बसलेलो.

शनिवार, २२ मार्च

मानसी ऑफिसला, वनमाला देवळात. मी कॉम्प्युटर उघडला आणि लावलेलं नेट परत काढलं.

"ऑटोमॅटिक" काढून "मॅन्युअल" केलं. डब्याचा जुना पत्ता पाठ होता, तो घातला. पण वरच्या रकान्यात कॉम्प्युटरचा स्वतःचा एक आकडा होता, त्याचा शेवट काही आठवेना. जोड उघडण्याआधी प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधायची, हा आमचा धडा. नोकरीत कधी चुकलो नाही आणि मंगळवारी आनंदाच्या भरात विसरलो. शेवटी बावन्न घातले. कोपऱ्यात प्रश्नचिन्ह परत आलं. फॉल्ट काढताना मी कधी रडलो नव्हतो, आज घालताना रडलो. मग तोंड धुतलं.

कृणालला फोन केला. "उद्या ये."

"काका, मानसीने नको सांगितलंय."

"घर माझं आहे. मी ये म्हणतोय. शेवटचं एकदा बघ."

फोनवर मागे कोळणींचा कलकलाट ऐकू येत होता. मग म्हणाला, "येतो."

रविवार, २३ मार्च

आला. आज हातात मासे नव्हते. मानसी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. वनमालाने सवयीने पिशवी काढली. मी म्हटलं, "ठेव ती. कोथिंबीर आहे घरात, मी बघून आलोय."

आणि आज मी पेपर घेतला नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत त्याच्या मागे उभा राहिलो. तेव्हा बघितलं, तो नितेशच्या खुर्चीवर बसत नाही. खुर्ची हलकेच बाजूला सारतो आणि बाथरूमजवळचं प्लास्टिकचं स्टूल ओढून त्यावर बसतो. स्टूल बुटकं, हा उंच, गुडघे टेबलाला लागतात. इतके रविवार झाले, दर वेळी असाच बसला असणार. मी बुधवारी या वहीत काय लिहिलं होतं ते आठवून लाज वाटली.

त्याने नेटवर्क उघडलं, चाकावर दाबलं आणि हात थांबला.

"काका, यात कोणी हात घातला का?"

"मी कशाला घालू? मला काय कळतं त्यातलं?"

"इथे शेवटी पंचवीस होते. आता बावन्न आहेत."

"तुला पाठ आहेत?" मी विचारलं.

पोरगा कानापर्यंत लाल झाला. स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं काका," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "पाच मिनिटांचं काम होतं. मी करून निघणारच होतो. तेवढ्यात मानसी चहा घेऊन आली. म्हणाली, नितेश पण कॉम्प्युटरसमोर अशीच मान वाकडी करून बसायचा, बगळ्यासारखी. आणि हसली. मग माझ्याच्याने ते झालंच नाही."

नितेश खरंच तसा बसायचा.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी लावलंत?"

"मंगळवारी."

"मग परत काढलंत?"

"हो."

का, ते त्याने विचारलं नाही. दोनदा बटण दाबलं आणि प्रश्नचिन्ह गेलं. मग स्टुलावरून उठून माझ्यासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"झालं काका. आता मला इथे यायला कारण नाही. विचारायलाच लागणार." स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. "मी मानसीला विचारलं होतं. ती नाही म्हणाली. म्हणजे, आई-बाबांना सोडून येणार नाही म्हणाली. माझ्या आईला सगळं माहितीय, ती हो म्हणते. घर मनोरीला, मासळीचा वास असतो, ते तुम्ही समजून घ्या. तुम्हाला चालत असेल तरच. नाहीतर मी परत येणार नाही, शप्पथ."

मी खूप ठरवून ठेवलं होतं, वडिलकीने दोन शब्द बोलायचे. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"चालत नाही रे मला," मी म्हणालो. "मला काहीच चालत नाही. मला माझा मुलगा पाहिजे, आणि ही त्याची बायको म्हणून या घरात पाहिजे. रोज सकाळी मला हेच पाहिजे असतं. ते होत नाही. म्हणून तू हिला ने."

मानसी दारात उभी होती. कणकेचे हात तसेच. "बाबा, मी नाही जाणार कुठे."

"पुण्याला एकटी निघाली होतीस ना? त्यापेक्षा मनोरी जवळ."

ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. नितेशच्या दिवसांतसुद्धा अशी रडली नव्हती. तेव्हा आम्हालाच सांभाळत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत कणीक लागली होती, ती काढत बसलो. कृणाल भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तेवढ्यात वनमाला सूप घेऊन आली. सुपात तांदूळ, नारळ, हळदीकुंकवाचा करंडा. आमच्यात नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत. वनमालाने नितेश गेल्यापासून मानसीला कुंकू लावायला कधी जवळ बोलावलं नव्हतं, आणि मानसीनेही कधी काही म्हटलं नव्हतं. आज वनमालाने कुणाला विचारलं नाही. मानसीला पाटावर बसवलं, बोट कुंकवात बुडवलं. कुंकू नाकावर सांडलं. "गप, रडा नको," म्हणत होती आणि स्वतःच रडत होती. मग ओंजळीने तांदूळ ओढणीत घातले, वर नारळ ठेवला. "माजो झील असतो तर तुका सोडलंय नसतंय," म्हणाली. "पण तो नाय. जा, सुखान रव."

चौघं जेवलो. जेवल्यावर कृणाल निघाला तेव्हा मीच मानसीला म्हटलं, जा, बसस्टॉपपर्यंत सोडून ये. दोघं गेली. वनमालाही खाली गेली, तिला म्हणे पाय मोकळे करायचे होते.

आता संध्याकाळचे सहा वाजलेत. घरात मी एकटा. तुझ्या खुर्चीवर बसून लिहितोय नितेश. आजवर तुला काही लिहिलं नव्हतं. वहीत काय लिहायचं, तू तर खोलीतच आहेस असं मला वाटायचं. मानसी घरात फिरायची, त्यामुळे वाटत असेल.

तर ऐक. तुझ्या बायकोला मी आज दुसऱ्याला दिली. कोणी जबरदस्ती केली नाही. तुझा बाप आपल्या तोंडाने बोलला, ने म्हणून. तू घातलेले आकडेही पुसले, दोनदा. पोरगा चांगला आहे, तुझ्या खुर्चीवर बसत नाही. तुझ्याइतका हसवेल की नाही माहीत नाही. तिला तुझी आठवण काढू देईल, एवढं मला आज दिसलं.

तुला राग आला असेल. मला आला होता, मग तुला का नाही येणार? लहानपणी तुझी वस्तू दुसऱ्याला दिली की तू धावत यायचास, दोन्ही मुठींनी माझ्या पोटावर मारायचास आणि मारून झालं की तिथेच बिलगायचास. तसा ये. दार मी उघडंच ठेवलंय. हवं तेवढं मार, हवं ते बोल. रागवायला तरी ये.